पलीकडून धरणारी

ग्रिमुरने होडी घरी आणली तेव्हा थोरा आपल्या खिडकीपाशी उभी राहून कॉफी पीत होती. दातांत साखरेचा खडा धरायचा आणि कडू कॉफी त्यातून हळूहळू झिरपू द्यायची, अशी तिच्या आईची आणि आजीचीही सवय. मे महिना निम्मा सरला होता. तळ्यावरचा बर्फ नुकता फुटला होता आणि वाऱ्याने काठावर त्याचे निळसर ढीग लावून ठेवले होते. ट्रेलरवर उपडी बांधलेली ती सोळा फुटी ॲल्युमिनियमची होडी परसात शिरली, तेव्हा तिच्या पोटाखालून गेल्या साली वाळलेली काटेरी रोपं लोंबत होती. कुठल्याशा शेतात तीस वर्षं ती कोंबड्यांचं छप्पर म्हणून पडून होती. शेतकरी म्हणाला होता, घेऊन जा, पण कोंबड्या माझ्या राहतील.

हे थोराला नंतर कळलं, तेही शेजारच्या बोगीकडून. कारण ग्रिमुर आणि ती फारसं बोलत नसत.

विदिविक हे कॅनडातल्या विनिपेग तळ्याकाठचं लहानसं गाव. पूर्वजांनी आइसलँडहून आणलेल्या भाषेचे तुकडे अजून तिथल्या स्वयंपाकघरांत सापडतात. थोरा पासष्ट वर्षांची. तिचा नवरा गेला तेव्हा लेकीने आणि जावयाने आपल्या परसात तिच्यासाठी दोन खोल्यांचं लाकडी घर उभं केलं. पुढे चार वर्षांपूर्वी एका मार्चमध्ये लेक, हुल्डा, व्हँकुव्हरला मैत्रिणीकडे म्हणून गेली आणि परत आली नाही. कागदोपत्री सगळं रीतसर मिटलं. तिने तिकडे एका दातांच्या डॉक्टरशी लग्न केलं. पुढच्या घरात जावई ग्रिमुर राहिला, मागच्या घरात थोरा, आणि मधलं गवत तसंच वाढत राहिलं.

भांडण काही नव्हतं. दर रविवारी थोरा पोन्नुकोकुर, म्हणजे पातळ, जाळीदार धिरडी करायची, आत तपकिरी साखर भुरभुरून गुंडाळायची आणि झाकलेली बशी त्याच्या पायरीवर ठेवून यायची. सोमवारी बशी धुतलेली परत येई. हिवाळ्यात गावाचे रस्ते मोकळे करणारं यंत्र ग्रिमुर चालवायचा, आणि पहाटे सगळ्यांत आधी थोराची पायवाट मोकळी झालेली असे. पण हाक मारायची पंचाईत होती. लग्न होतं तोवर तो तिला आई म्हणायचा. ते मोडलं आणि त्याच दिवशी तो शब्दही त्याच्या तोंडून गळाला. त्या जागी दुसरा बसला नाही. चार वर्षं त्याने तिला काहीच म्हटलं नव्हतं. काही सांगायचं असलं की घसा खाकरायचा, किंवा "ते आपलं..." अशी सुरुवात करायचा. थोराला वाटायचं, बिचारा भिडेखातर गप्प आहे. आपण कधी निघतो याची वाट पाहत असेल.

होडी आली आणि ग्रिमुर संध्याकाळी परसात दिसू लागला. त्याने ती दोन लाकडी घोड्यांवर उपडी घातली. जुना रंग खरवडला. हिरव्याखाली लाल होता, लालखाली पांढरा, आणि त्याखाली मळभ आलेल्या दिवसासारखा नुसता धातू. मागची लाकडी फळी कुजून भुसा झाली होती, ती त्याने काढून टाकली. मग तो पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटांकडे वळला. शेकडो रिव्हेट होते, आणि त्यांतले कितीतरी दातांसारखे हलत होते. तो एकटा बाहेरून ठोकायचा, मग वाकून आत शिरायचा, बघायचा, परत बाहेर यायचा. ठोकलेला रिव्हेट आतल्या बाजूने सैलच असायचा.

तीन दिवस थोराने हे खिडकीतून पाहिलं. चौथ्या दिवशी तिने अंगावर जुना कोट चढवला आणि परसात जाऊन उभी राहिली.

"पलीकडून कोण धरतंय?" तिने विचारलं.

ग्रिमुर दचकला. "कोणी नाही."

"मग तू हवा ठोकतोयस."

"पुस्तकात लिहिलंय की..."

"पुस्तक धरणार आहे का पलीकडून?" ती म्हणाली. "त्याला जड काहीतरी लागतं. पोलादी ठोकळा, एका बाजूने गुळगुळीत. तू इकडून हाणलंस की पलीकडे रिव्हेटची शेपटी दबून चपटी व्हायला हवी. एकट्याचं काम नाही ते."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्रेचाळीस साली मी विनिपेग शहरात होते. विमानाच्या कारखान्यात. दीड वर्षं मी दुसरं काही केलंच नाही, फक्त पलीकडून धरलं."

ग्रिमुरला तिच्या हातचा स्वयंपाक माहीत होता, तिचा दमा माहीत होता, पत्त्यांत ती लबाडी करते हेही माहीत होतं. हे माहीत नव्हतं. तो आपल्या शेडमध्ये गेला आणि मोडक्या ट्रॅक्टरचा एक पोलादी तुकडा घेऊन आला. थोराने तो तळहातावर तोलला.

"चालेल," ती म्हणाली. मग मासे भरायचा रिकामा खोका ढकलत ढकलत होडीखाली नेला आणि त्यावर बसली.

आत बसल्यावर जग निराळंच झालं. वर धातूची कमान, फासळ्या ओळीने गेलेल्या, आणि जिथले रिव्हेट ग्रिमुरने काढून टाकले होते त्या प्रत्येक भोकातून उन्हाची एकेक काडी आत उतरलेली. कोटावर उजेडाचे दाणे सांडले होते. बाहेर ढग सरकला की सगळे एकदम विझायचे आणि पुन्हा एकदम पेटायचे. धातूला गवताचा, कोंबड्यांचा आणि कुठल्यातरी फार जुन्या माशाचा वास होता. बाहेरून ग्रिमुरचा आवाज यायचा तो माणसाचा वाटत नसे. होडीच बोलते आहे असं वाटायचं.

"तयार?" होडी विचारायची.

थोराने त्याला कारखान्यातल्या खुणा शिकवल्या. आतून एक टिचकी म्हणजे आणखी मार. दोन म्हणजे बसला. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक. पहिल्या दिवशी बहुतेक तीनच वाजल्या. तिचं मनगट दुखलं, कानात दडे बसले. पण दुसऱ्या आठवड्यात हाताला जुनं काहीतरी आठवू लागलं. ठोकळ्यातून येणारा धक्का कोपरात झेलायचा, खांद्यात नाही. डोळे मिटले तरी चालतं, शेपटी दबलेली बोटांना कळते. डोळे मिटले की ती विमानाच्या पंखात असायची. पलीकडे ओल्हा नावाची युक्रेनी मुलगी असायची, आणि ओल्हाला ठोकताना गायची खोड होती. युद्ध कुठेतरी दूर चाललेलं होतं. पंखाच्या आत मात्र उकडायचं आणि गाणं घुमायचं. मग एक ठोका चुकायचा आणि थोरा पुन्हा विदिविकला, कोंबड्यांच्या वासात यायची.

एका संध्याकाळी ठोकणं मधेच थांबलं.

"हुल्डा कशी आहे?" होडीने विचारलं.

चार वर्षांत त्याने हे नाव उच्चारलं नव्हतं. थोरा आत बसली होती म्हणून बरं झालं. समोरासमोर असती तर काय चेहरा करावा हे तिला सुचलं नसतं.

"बरी आहे," ती म्हणाली. "केस कापलेत. अगदी कानापर्यंत."

"अच्छा."

"समुद्रात पोहायला शिकतेय म्हणे."

"इथे कधी गुडघ्याच्या वर गेली नाही ती," ग्रिमुर म्हणाला. मग थोडं थांबून, "तयार?"

तिने ठोकळा लावला.

त्यानंतर मधूनमधून बोलणं होऊ लागलं. मध्ये पत्रा असला की बोलायला सोपं जायचं. ग्रिमुरने सांगितलं की हुल्डा गेल्यावर पहिला अख्खा हिवाळा त्याने तिच्या बाजूच्या उशीचा अभ्रा बदलला नव्हता. थोराने सांगितलं की लेकीचा तिला राग आला होता, आणि राग आला याची लाजही वाटली होती, म्हणून ती कोणालाच काही बोलली नव्हती. आणि एक दिवस ग्रिमुरला तिला बाहेरून काही दाखवायचं होतं. तो "ते आपलं" म्हणाला, पण ठोक्यांनी कान बधिरलेल्या तिला ऐकूच गेलं नाही. मग तो ओरडला, "थोरा."

तिने होडीखालून डोकं बाहेर काढलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हां," ती म्हणाली. "इथेच आहे."

जूनच्या पहिल्या आठवड्यात हुल्डाचा फोन आला. त्यांच्या घरात वरची एक खोली रिकामी झाली होती. तिथून समुद्र दिसतो. बर्फ नाही, दम्याला हवा चांगली. "ऑक्टोबरात ये आई, थंडी पडायच्या आत."

"बघू," थोरा म्हणाली.

"बघू काय त्यात? तिथे तू आता कोण म्हणून राहतेस, सांग बरं मला."

हुल्डाने हे प्रेमानेच विचारलं होतं. पण त्या प्रश्नाचं तिच्यापाशी उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसताना आपण चार वर्षं त्या घरात झोपलो, चूल पेटवली, खिडकीत फुलझाडं लावली, याचं तिला नवल वाटलं.

त्या शनिवारी ग्रिमुरने होडी सरळ केली, खाली जाड फळ्यांचे आधार दिले आणि बागेची नळी आत सोडली. कुठून गळतंय ते पाहायचं होतं. पाणी घोट्याएवढं चढलं. दोघं खडू घेऊन वाकत वाकत बाहेरून फिरू लागली. जिथे थेंब दिसला तिथे गोल. बोगी कुंपणापाशी येऊन उभा राहिला. चाळीस वर्षं मासेमारी करून आता त्याला दुसऱ्यांच्या चुका पाहायला भरपूर वेळ होता.

"ग्रिमुर," तो म्हणाला, "होडी पाण्यात घालायची असते. तू उलटं धरलंस."

"तुझी कुठली कोरडी होती रे?" थोरा म्हणाली. "निम्मा जन्म डबा घेऊन पाणी उपसण्यात गेला तुझा."

"म्हणून तर दंड बघ कसे आहेत," बोगी म्हणाला आणि खूश होऊन घरी गेला.

गळक्या जागा सतरा निघाल्या. पाणी लगेच सोडलं नाही. रात्रभर राहू दे, म्हणजे झिरपणारं सगळं कळेल, असं ठरलं. जूनची संध्याकाळ तिकडे संपता संपत नाही. पाणी स्थिर झालं आणि त्यात अख्खं आकाश उतरलं. गुलाबी ढग होडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालले होते. पाकोळ्या खाली झेपावून उडता उडता चोच बुडवत आणि निघून जात. परसाच्या मधोमध, गवतात, सोळा फुटी तळं. थोराने बूट मोजे काढले, स्टुलावर चढून काठावर बसली आणि पाय आत सोडले. पाणी दिवसभराच्या उन्हाने कोमट होतं. ग्रिमुर दुसऱ्या काठाला टेकून उभा होता.

"हुल्डाने बोलावलंय," थोरा पाण्याकडे बघत म्हणाली. "ऑक्टोबरात. कायमचं."

ग्रिमुरने पाण्यावर तरंगणारी गवताची काडी उचलून बाहेर टाकली.

"विचारत होती, मी इथे कोण म्हणून राहते."

"मग काय सांगितलंत?"

"तुला विचारून सांगते, असं मनात म्हणाले."

त्याने बोटाने पाण्यावर एक रेघ ओढली. ढग मोडला, पुन्हा जुळला. "तुमच्या नळाच्या पाइपला यंदा गरम तार गुंडाळायचं ठरवलं होतं मी," तो अखेर म्हणाला. "मागच्या जानेवारीत गोठला होता. तार आणून ठेवलीय. शेडमध्ये आहे."

हे उत्तर होतं की नाही ते थोराला कळेना. ती पाय हलवत बसली.

सतरा जागा बुजवायला जून संपत आला. मागची फळी ग्रिमुरने नवीन बसवली, वॉर्निशचे चार हात दिले. मग होडी पुन्हा उपडी करून एका वारा पडलेल्या दुपारी दोघांनी ती रंगवली. ग्रिमुर एका बाजूने, थोरा दुसऱ्या बाजूने, फिकट पिवळा रंग, लोण्यासारखा. संध्याकाळी ती इतकी सुंदर दिसत होती की जेवण टाकून दोघं पायरीवर बसून नुसतं बघत राहिली.

आणि त्याच संध्याकाळी माश्या उठल्या. वर्षातून एकदा त्या तळ्याच्या चिखलातून वर येतात. लांब शेपटीच्या, पारदर्शक पंखांच्या. त्यांना तोंडच नसतं; खायचं नाही, फक्त एक दिवस उडायचं. पाण्यावर धूर दिसावा तसा त्यांचा थवा दिसला, मग तो धूर गावावर आला. भिंती, दिव्याचे खांब, वाळत घातलेले कपडे, सगळं कुरकुरू लागलं. आणि उरलेल्या उजेडात परसातली सगळ्यांत चकचकीत गोष्ट होती ती पिवळी होडी, अजून ओली.

सकाळी होडीवर पिवळा रंग दिसतच नव्हता. हजारो पंख चिकटले होते, आणि वारा आला की ते सगळे एकदम शहारायचे. ग्रिमुर हात खिशात घालून उभा होता.

बोगी कुंपणावरून म्हणाला, "लव फुटली की रे होडीला." मग ग्रिमुरचा चेहरा पाहून तो घरून दोन खरवडण्या घेऊन आला, कुंपणावर ठेवून गेला.

थोराने एक उचलली. दिवसभर ती दोघं एकाच बाजूने, शेजारी शेजारी उभी राहून खरवडत होती. आज मध्ये पत्रा नव्हता. पंख सुटून खाली पडायचे आणि गवतात पिवळ्या रंगाच्या सालींत चमकत राहायचे.

"तुम्हाला खरं सांगू?" ग्रिमुर म्हणाला. तिच्याकडे न बघता.

"सांग."

"तुम्ही गेलात की ती गेली हे पक्कं होईल, असं वाटायचं मला. म्हणून तुमची पायवाट आधी मोकळी करायचो. तुम्ही घसरून पडू नये म्हणून नाही. तुम्ही निघून जाऊ नये म्हणून."

थोराची खरवडणी थांबली. तिला कुठेतरी बारीक टोचलं. चार हिवाळे ती त्या पायवाटेवरून चालली होती आणि ती आपल्यासाठी आहे असं समजली होती.

"म्हणजे मी तिची मागे राहिलेली वस्तू," ती म्हणाली. "त्या अभ्र्यासारखी."

"होतात," तो म्हणाला. "आता नाही. आता ती गेलीय, हे मला माहीत आहे. या उन्हाळ्यात कधीतरी कळलं. तुम्ही होडीखाली होतात तेव्हा." त्याने रंगाची एक लांब साल ओढून काढली. "तरीही तुम्ही राहावं असं वाटतं. पण कोण म्हणून, ते मला सांगता येत नाही. त्याला शब्द नाही माझ्याकडे."

ती त्याच्या बाजूची उरलेली साल खरवडू लागली. दुपारी दोघांनी पिकरेल माशाचे तळलेले तुकडे पावात घालून खाल्ले. संध्याकाळपर्यंत होडी पुन्हा नुसत्या धातूची झाली होती. जवळून पाहिलं तर अजूनही काही ठिकाणी पंखांच्या शिरांचे पुसट ठसे दिसत होते.

"रंग नकोच आता," थोरा म्हणाली. "आहे तशी राहू दे."

त्या रविवारी तिने हुल्डाला फोन केला. नाताळात आगगाडीने येईन म्हणाली, महिनाभर राहीन, समुद्र बघीन, आणि परत येईन.

"परत कुठे?" हुल्डाने विचारलं.

"घरी."

मग हुल्डा म्हणाली, "त्याने काही म्हटलं का, आई?"

"तो कुठे काय म्हणतो. मीच ठरवलं." आणि मग, लेकीला लागू नये म्हणून, "खोली ठेव पण माझ्यासाठी. खिडकीत काही ठेवू नकोस."

हुल्डा हसली की रडली ते तारेवरून नीट कळलं नाही. पण त्यानंतर ती आठवड्याला फोन करू लागली, आणि एकदा तर होडीचं काय झालं असंही विचारलं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी होडी पाण्यात गेली. थोरा जवळजवळ जन्मभर त्या तळ्याच्या काठी राहिली होती. तिने मासे कापले होते, जाळी सांधली होती, परतणाऱ्या होड्या मोजल्या होत्या. पण तळ्यावर ती कधी गेली नव्हती. गावातल्या बायकांना तिथे काम नसे, आणि कामाशिवाय तिथे कोणी जात नसे. ग्रिमुरने हात दिला तेव्हा ती क्षणभर थबकली. मग बसली.

धक्क्यापासून थोडं दूर जाताच धुकं आलं. ग्रिमुरने इंजिन बंद केलं. पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं, आणि होडी पाण्यात आहे की हवेत ते सांगता येईना. काठ नाही, आकाश नाही. थोराने वाकून तळावरून हात फिरवला. कोरडा होता. फक्त मधल्या बाकाखाली एका जागी किंचित ओल होती, आणि ती तिने त्याला सांगितली नाही.

दोघांनी थर्मासमधली कॉफी प्यायली. ग्रिमुर आदल्या दिवशी फार राबला होता. तो होडीच्या तळाशी अंथरलेल्या घोंगडीवर आडवा झाला, टोपी तोंडावर ओढली आणि बघता बघता झोपला. इतका मोठा माणूस इतक्या निर्धास्तपणे झोपलेला तिने बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

हळूहळू धुकं वर चढलं. त्याच्या खालच्या कडेतून आधी गवतं दिसली, मग दगड, मग घरं. विदिविक एवढंसं होतं. लहान मुलाने खिशातून काढून वाळूत मांडावं तेवढं. बोगीचं छप्पर, चर्चचं टोक, आणि त्यामागे एका रेषेत दोन धुराडी. पुढच्या घराचं गार होतं. मागच्या घरातून धूर निघत होता. सकाळी तिनेच चूल पेटवली होती. इथून बघताना तिथे कोणी राहत असेल तर कसं असेल, असं तिच्या मनात आलं, आणि ते कोणी म्हणजे आपण, हे आठवायला तिला क्षणभर लागलं.

तिने वल्ही उचलली. ओढायची कशी हे तिला ठाऊक नव्हतं. एक खोल गेलं, एक वरच्यावर निसटलं. होडी सावकाश, अगदी सावकाश, जागच्या जागी गोल फिरू लागली. गाव डावीकडून उजवीकडे गेलं, मग मोकळं पाणी, ज्याला पलीकडचा काठ नाही, मग पुन्हा गाव.

टोपीखालून आवाज आला, "कुठे निघालात, थोरा?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "तू झोप."